‘सेपरेट’ची शिक्षा: आधी दिवस मोजा, मग अर्ज लिहा

पत्र:

माझा धाकटा भाऊ 14 महिन्यांपासून कच्चा कैदी म्हणून आत आहे. केस सत्र न्यायालयात आहे, अजून साक्षी-पुरावे सुरू झालेले नाहीत. या महिन्याच्या 3 तारखेला बराकीची झडती झाली. त्याच्या पथारीखाली सिमकार्ड मिळालं म्हणे. तेव्हापासून त्याला ‘सेपरेट’मध्ये टाकलंय, असं दुसऱ्या एका कैद्याच्या आईकडून कळलं. मी मुलाखतीला गेले तर गेटवर सांगितलं, “एक महिना भेट बंद.” कागद काही दिला नाही. त्याला लहानपणापासून फिट येतात, गोळ्या चालू आहेत. एक माणूस फोन करून सांगतो की दहा हजार दिले तर दोन दिवसांत परत बराकीत आणतो. असं एकट्याला कोंडून ठेवायचा त्यांना अधिकार आहे का? मी कुणाकडे जाऊ? याचा जामिनावर परिणाम होईल का?
एक बहीण, विक्रोळी

उत्तर:

ताई,

कारागृहाचं नाव तुम्ही कळवलंत, ते मुद्दामच छापलेलं नाही. सिमकार्ड त्याचं होतं की नव्हतं, हा वाद आज बाजूला ठेवा. त्याला वेळ आहे, कोठडीतल्या दिवसांना नाही. कार्ड त्याचंच होतं असं धरलं, तरी शिक्षा कोण देणार, किती दिवसांची देणार आणि आधी कुणाला कळवणार, याला कायद्याने कुंपण घातलेलं आहे. बहुतेक घरचे ‘आमचा मुलगा निर्दोष आहे’ असं चार पानं लिहितात आणि तारीख लिहायची विसरतात. तुम्ही उलट करा.

पहिलं काम म्हणजे ‘सेपरेट’ म्हणजे नेमकं काय, हे शोधणं. आत आणि बाहेरही एकट्याला ठेवण्याच्या सगळ्या प्रकारांना हा एकच शब्द वापरतात, पण कायद्यात ते वेगवेगळे आहेत. खरा एकांतवास ही न्यायालयाने द्यायची शिक्षा आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम 73 आणि 74 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 11 आणि 12 मध्ये आहे. ती सक्तमजुरीची शिक्षा झालेल्यालाच, न्यायाधीशाच्या आदेशाने, एका वेळी 14 दिवसांपर्यंत आणि एकूण 3 महिन्यांच्या आत देता येते. तुमच्या भावाला अजून कसलीच शिक्षा झालेली नाही, त्यामुळे हा प्रकार त्याला लागूच नाही. कुणी तोंडी ‘एकांतवास दिलाय’ म्हणालं, तर कोणत्या न्यायाधीशाने दिला, एवढंच विचारा.

उरतात तुरुंगाच्या शिस्तीतल्या दोन शिक्षा. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 46 मध्ये त्या आहेत आणि तिथेच सगळा घोळ होतो. एक म्हणजे वेगळं ठेवणं. यात इतर कैद्यांशी बोलणं बंद, पण ते दिसले पाहिजेत, रोज किमान एक तास बाहेर फिरायला मिळालं पाहिजे आणि जेवण एका तरी कैद्यासोबत झालं पाहिजे. याची कमाल मुदत 3 महिने आहे, पण महिन्याच्या वर जायचं असेल तर कारागृह महानिरीक्षकांची आधी मंजुरी लागते. दुसरी शिक्षा कोठडीची. ती जास्त कडक, म्हणून तिची कमाल मुदत 14 दिवस. तीत सोबतीचं जेवण आणि तासाभराचं फिरणं यांची हमी नाही, पण इतर कैदी दृष्टीआड करता येत नाहीत. ती पुन्हा द्यायची तर मध्ये किमान तेवढेच दिवस जावे लागतात.

आता गेटवरचा ‘एक महिना’ याच्यासमोर ठेवून बघा. सलग महिनाभर कोठडीची शिक्षा कायद्यात बसतच नाही. 3 तारखेला आत टाकलं असेल तर 16 तारखेला 14 दिवस भरले, आणि पुन्हा तशी शिक्षा द्यायची म्हटलं तरी 31 तारखेआधी नाही. ‘पहिले 14 दिवस कोठडी, मग उरलेले दिवस वेगळं’ अशी जोडणीही चालत नाही, कारण एकटं ठेवण्याचा एकूण काळ लांबेल अशा तऱ्हेने या दोन शिक्षा एकत्र करायला कलम 47 ने मनाई केली आहे. वेगळं ठेवण्याची एक महिन्याची शिक्षा मात्र कायद्यात बसू शकते. म्हणून भावाला तीन गोष्टी विचारायच्या: दुसरे कैदी दिसतात का, जेवताना सोबत कुणी असतं का, रोज तासभर बाहेर काढतात का. तुमची भेट बंद असेल तर वकिलामार्फत विचारा. तिन्हीला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, त्याला प्रत्यक्षात एकांतवास भोगायला लावलंय, आणि तो द्यायचा अधिकार अधीक्षकांना नाही.

तुरुंग कदाचित चौथंच काही सांगेल: ‘ही शिक्षा नाही, सुरक्षेसाठी हलवलंय’ किंवा ‘चौकशी होईपर्यंत ठेवलंय’. अंडा सेलबद्दलही (धोकादायक मानलेल्या कैद्यांसाठीच्या कडक पहाऱ्याच्या कोठड्या) असंच ऐकायला मिळतं. हे उत्तर आलं तर चिडू नका, ते लेखी मागा. शिक्षा नसेल तर भेट कशी बंद झाली? कॅन्टीनही थांबवलं असेल तर ते का? एकीकडे शिक्षा नाही म्हणायचं आणि दुसरीकडे शिक्षेसारखं वागवायचं, हे न्यायालयासमोर टिकणं अवघड. चौकशीच्या नावाखाली गेलेले दिवसही तुमच्या अर्जात मोजून लिहा.

शिक्षा देण्याचा अधिकार फक्त अधीक्षकांचा आहे. जेलर, सर्कलचा तुरुंगाधिकारी, हवालदार यांपैकी कुणालाही तो नाही, कलम 48 मध्ये हे सरळ लिहिलेलं आहे. अधीक्षकांनीही आधी चौकशी करायची आणि मग ठरवायचं. प्रत्येक शिक्षा एका नोंदवहीत चढवावी लागते, तिला शिक्षापुस्तक म्हणतात. त्यात कैद्याचं नाव आणि क्रमांक, गुन्हा काय आणि कोणत्या तारखेला, आधीचे तुरुंगातले गुन्हे किती आणि शेवटचा कधी, शिक्षा कोणती, ती कोणत्या दिवशी अमलात आणली, हे सगळं हवं. गंभीर गुन्हा असेल तर साक्षीदारांची नावं हवीत. प्रत्येक नोंदीसमोर जेलर आणि अधीक्षक या दोघांच्या आद्याक्षरी सह्या लागतात. ही वही म्हणजे तुमच्या प्रकरणाचं मूळ. वहीत नोंद नसेल तर भाऊ विनाआदेश कोंडलेला आहे. नोंद असेल तर तिच्यातल्या रिकाम्या जागा बोलतात. गर्दीच्या बराकीत पथाऱ्या एकमेकींना चिकटून असतात, मग ‘त्याच्या पथारीखाली’ हे ठरवलं कुणी, झडतीच्या वेळी तो जागेवर होता का, शेजारच्या कैद्याला विचारलं का, याची उत्तरं साक्षीदारांच्या रकान्यातच सापडायची.

भावापर्यंत एक निरोप आजच पोचवा: कोऱ्या कागदावर सही नाही, आणि ‘चूक झाली, माफ करा’ असल्या जबाबावरही नाही. ‘सही कर, दोन दिवसांत परत पाठवतो’ असं गोडीत सांगितलं जातं आणि तोच कागद पुढे कबुली म्हणून दाखवला जातो. सही करायलाच लावली तर स्वतःच्या अक्षरात ‘आरोप मान्य नाही, नक्कल मिळाली नाही’ असं लिहून खाली तारीख आणि वेळ घालायची. लिहिता येत नसेल तर न्यायाधीशासमोर पहिलं वाक्य हेच.

न्यायाधीश म्हटलं की कलम 46 मध्ये नसलेली, पण सर्वांत कामाची गोष्ट येते. 1978 मध्ये सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फाशीच्या कैद्यालाही मनमानीने एकांतात टाकता येत नाही असं ठरवलं. बत्रा स्वतः फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. पुढे त्याने तिहारमधून न्यायालयाला पत्र लिहिलं, स्वतःसाठी नव्हे, प्रेमचंद नावाच्या दुसऱ्या कैद्यासाठी. भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी एका वॉर्डरने त्याचा छळ केला होता. (तुम्हाला येणारा दहा हजारांचा फोन आठवा.) त्या पत्राचीच याचिका झाली आणि 20 डिसेंबर 1979 च्या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्या पीठाने सांगितलं: एकांतवास किंवा शिक्षेची कोठडी, आहारात बदल, सवलती आणि सोयी काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात पाठवणं, यांतलं काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचं नाही. तातडीमुळे आधी कळवणं जमलं नाही, तर कारवाईपासून 2 दिवसांच्या आत कळवायचं.

म्हणजे 3 तारखेच्या कारवाईचा कागद फार तर 5 तारखेपर्यंत सत्र न्यायाधीशांकडे जायला हवा होता. तुमचा सगळा अर्ज या एका खुंटीवर टांगा. आणि ‘भेट बंद’ हीसुद्धा सवलत काढून घेणंच आहे, कोठडीच्या शिक्षेत ती आपोआप मिसळत नाही. ती दिली असेल तर वहीत तिची वेगळी नोंद हवी आणि तीही न्यायाधीशांना कळवलेली हवी.

कारण फुटकळ असेल तर न्यायालयं काय म्हणतात, हेही वकिलाच्या कानावर घाला. 1981 च्या निकालसंग्रहात छापलेल्या राजस्थानमधल्या किशोरसिंह प्रकरणात कैद्यांना कित्येक महिने एकांतात ठेवलं होतं. कारणं काय, तर तुरुंगात रेंगाळणं, उद्धटपणे वागणं, हिस्टरी टिकट (कैद्याच्या नोंदींचा कागद) फाडणं. सर्वोच्च न्यायालयाने बत्रा निकालाचा आधार घेऊन ते चालवून घेतलं नाही. सिमकार्ड ही त्यापेक्षा गंभीर बाब आहे, हे मात्र कबूल करायला हवं. म्हणून तुमचा भर कारणावर नको, पद्धतीवर असू द्या.

आता कुठे जायचं? इथे मुंबईकर हमखास चुकतात. आर्थर रोड आणि भायखळा या तुरुंगांसाठी फोर्टमधलं नगर दिवाणी व सत्र न्यायालय. ठाणे आणि कल्याणचं आधारवाडी यांसाठी ठाण्याचं जिल्हा व सत्र न्यायालय. तळोजा नवी मुंबईला लागून असलं तरी पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं, त्यामुळे अलिबागचे प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीश. भाऊ कच्चा कैदी असल्यामुळे तुम्हाला दुसरं दारही आहे: ज्या न्यायालयात त्याची केस चालू आहे ते. तो त्या न्यायालयाच्या आदेशाने तुरुंगात आहे, म्हणून वकिलाने तिथे वेगळा अर्ज टाकायचा आणि त्याला समक्ष हजर करण्याची मागणी करायची. तारखेला व्हीसीवरच (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) उभं केलं तर वेळ फार कमी मिळतो. ‘साहेब, मला 3 तारखेपासून एकट्याला ठेवलंय, कागद दिला नाही, फिटच्या गोळ्या चालू आहेत’ एवढं एका दमात म्हणायचं आणि ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत) नोंदवून घ्या अशी विनंती करायची. वकिलाने त्याच दिवशी रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करावा.

अर्ज एका पानाचा पुरे. साधारण असा:

‘मा. प्रधान न्यायाधीश, नगर दिवाणी व सत्र न्यायालय, बृहन्मुंबई यांस. विषय: न्यायाधीन बंद्यास एकट्याला कोंडून ठेवल्याबाबत. माझा भाऊ (नाव, बंदी क्रमांक, केस क्रमांक) हा (कारागृह) येथे आहे. दि. 3 पासून त्याला बराकीतून काढून एकट्याला कोठडीत ठेवल्याचे मला दि. … रोजी कळले. लेखी आदेश आम्हाला मिळालेला नाही. भेट एक महिना बंद असल्याचे गेटवर तोंडी सांगण्यात आले. त्यास फिट येतात, केसपेपर जोडला आहे. विनंती की, सदर कारवाई आपणांस कळवली आहे काय व कोणत्या दिवशी, हे पाहावे. शिक्षापुस्तकातील नोंद, चौकशीचे कागद व वैद्यकीय नोंदी मागवाव्यात. आपण तपासणी करेपर्यंत त्यास बराकीत किंवा तुरुंगाच्या दवाखान्यात इतरांसोबत ठेवण्याचा आदेश व्हावा.’

नाव-तारखांच्या जागा भरा आणि बाकी फार सजवू नका. ‘असे मला कळले’ हे शब्द काढू नका. तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही, आणि एखादा तपशील उद्या चुकला तर तुमच्यावर खोटं बोलल्याचा ठपका नको. शेवटची विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. नुसती ‘चौकशी व्हावी’ म्हटलं तर चौकशी होते आणि तोवर 14 दिवस उलटतात. अर्जाच्या तीन प्रती काढा: एक न्यायालयात, एक अधीक्षकांना, तिसरीवर तारखेसह आवक शिक्का घेऊन ती घरी. गेटवर शिक्का द्यायला नकार मिळाला तर वाद घालत बसू नका, जवळच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जालाच टाचून ठेवा.

वकील फोन उचलत नसेल किंवा दर वेळी फी सांगत असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार कैदेत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. तिथे ‘जामिनासाठी वकील हवा’ असं सांगू नका. ‘कारागृहात शिक्षेच्या कोठडीत आहे, भेट बंद आहे, पॅनेलवरचा वकील आत जाऊन भेटला पाहिजे’ असं सांगा. कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाला तिसऱ्या माणसाच्या गैरहजेरीत भेटण्याचा हक्क कारागृह अधिनियमाच्या कलम 40 ने दिला आहे. घरच्यांची भेट बंद झाली म्हणून वकिलाची बंद होत नाही.

फिटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आम्हाला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. बराकीत रात्री फिट आली तर शेजारचा उठतो, माणसाला कुशीवर वळवतो, हाका मारतो. कोठडीत वळवायला कुणी नाही. गोळ्या वेळेवर मिळाल्या नाहीत, झोप उडाली, की फिट येण्याची शक्यता वाढते, आणि एकटं कोंडल्यावर झोप उडतेच. त्याच अधिनियमाच्या कलम 29 नुसार कैद्याला केव्हाही अधिकाऱ्यापर्यंत हाक पोचवण्याची सोय असल्याशिवाय ती कोठडी वापरायचीच नाही, आणि 24 तासांपेक्षा जास्त ठेवलं तर डॉक्टर किंवा त्यांच्या हाताखालच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने रोज किमान एकदा भेट द्यायची. पण फिट आलेल्या माणसाला घंटा दाबता येत नाही! म्हणून तुमची मागणी ‘घंटा आहे का’ इथे थांबता कामा नये, ‘याला एकटं ठेवणंच धोक्याचं आहे’ अशी हवी. केईएम, नायर, सायन, जिथून उपचार चालू होते तिथला केसपेपर, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, शेवटची फिट कधी आली, हे एका कागदावर लिहून तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे वेगळा अर्ज करा. न्यायालयाच्या अर्जाला तो जोडा, पण त्यावर विसंबू नका. डॉक्टरकडे स्वतंत्र कागद गेला की नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्याची सूचना कैद्याच्या हिस्टरी टिकटावर चढवावी लागते, आणि ती पाळली की नाही याची नोंदही.

मनावर परिणाम होत असेल, म्हणजे भाऊ जेवण टाकतोय, असंबद्ध बोलतोय, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतोय असं कळलं, तर कारागृह अधिनियमाचं कलम 14 लक्षात ठेवा. तुरुंगातल्या वागणुकीने कैद्याच्या मनावर वाईट परिणाम होतोय किंवा होईल असं डॉक्टरला वाटलं, तर त्याने अधीक्षकांना लेखी अहवाल द्यायचा असतो आणि तो अधीक्षकांच्या आदेशासह लगेच महानिरीक्षकांकडे जायचा असतो. हे कलम फारसं कुणी मागत नाही. तुम्ही अर्जात त्याचा क्रमांक घालून मागा. ज्यांचा आजार एकांताने बळावेल अशांना एकटं ठेवू नये, असं कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियमही सांगतात. दिवसाचे 22 तास किंवा जास्त, माणसाच्या खऱ्याखुऱ्या संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग 15 दिवसांवर तो नकोच, अशी त्यांची व्याख्या आहे. हे नियम आपल्याकडे कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, वकिलाने जोडीला सांगायचा आधार म्हणून ठीक.

भायखळ्याला किंवा कल्याणला बाई आत असेल, तिला दिवस गेलेले असतील किंवा अंगावर पिणारं मूल असेल, तर तिला शिक्षा म्हणून एकटं कोंडू नये, असं संयुक्त राष्ट्रांचे महिला कैद्यांसाठीचे नियम सांगतात. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उपयोग होईल म्हणून हे एवढंच.

कागद मिळवायला माहिती अधिकार वापरा, पण महाराष्ट्रातल्या नियमांत दोन काटे आहेत. अर्ज 150 शब्दांच्या आत हवा आणि विषय एकच हवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. वरती ठळक लिहा: ‘व्यक्तीच्या जीविताशी व स्वातंत्र्याशी संबंधित माहिती, कलम 7(1) नुसार 48 तासांत द्यावी.’ हे वाक्य नसेल तर अर्ज 30 दिवसांच्या रांगेत जातो. मागायचं फक्त एवढं: अमुक बंद्याबाबत 3 तारखेपासूनच्या शिक्षापुस्तकातील नोंदीची प्रत, सत्र न्यायाधीशांना पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक, आणि कारवाई कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली केली. ‘खासगी माहिती आहे’ म्हणून नकार येऊ नये यासाठी भावाच्या सहीचं संमतीपत्र वकिलामार्फत आणून जोडा. तो स्वतः आतून अर्ज करणार असेल तर त्याहून उत्तम.

कलम विचारून घ्या असं सांगतो त्याला कारण आहे. केंद्राने 2023 मध्ये नवा आदर्श कारागृह कायदा राज्यांकडे पाठवला आणि तेव्हापासून 1894 चा कायदा बदलण्याची प्रक्रिया राज्याराज्यांत चालू आहे. कलमांचे क्रमांक बदलू शकतात. बत्रा निकाल मात्र संविधानाच्या कलम 14, 19 आणि 21 वर उभा आहे, कायदा नवा आला म्हणून तो जुना होत नाही.

जामिनाचं म्हणाल तर परिणाम होऊ शकतो. सरकारी वकील ‘आत राहूनही नियम मोडतो’ म्हणून ही नोंद दाखवू शकतात. शिक्षा झालेल्या कैद्याच्या बाबतीत तर ती माफीच्या दिवसांवर (शिक्षेत मिळणाऱ्या सुटीवर) आणि फर्लोच्या (तुरुंगातून मिळणाऱ्या रजेच्या) अर्जावर येऊन बसते. म्हणूनच 14 दिवस भरले, भाऊ बराकीत परतला, तरी अर्ज मागे घेऊ नका. नोंद रद्द व्हावी ही मागणी उरतेच. सिमकार्डबद्दल पोलिसांत वेगळा गुन्हा दाखल झालाय का, हेही वकिलाला बघायला सांगा. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा करता येत नाही, हे कारागृह अधिनियमाच्या कलम 52 मध्येच आहे. तुरुंगाने आधी शिक्षा देऊन टाकली असेल तर तो मुद्दा तिथे उपयोगी पडेल.

शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवण्याची धमकी दिली जात असेल तर कच्च्या कैद्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2012 मध्ये सांगितलं, आणि ते प्रकरण आर्थर रोडचंच होतं.

सत्र न्यायालयात दाद लागली नाही तर उच्च न्यायालयात फौजदारी रिट. तिथे पोचेपर्यंत बहुधा शिक्षा संपलेली असते, तेव्हा पहिली धाव तिकडे नको. फिट आली, मारहाण झाली किंवा 14 दिवस उलटूनही बाहेर काढलं नाही, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी वकिलाला तिकडे पाठवा. सीएसएमटीसमोरच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे साध्या कागदावर तक्रार करता येते, घटनेपासून एका वर्षाच्या आत. आयोग वेळ घेतो, पण तुरुंगाला लेखी खुलासा करायला लावतो, आणि तो खुलासा पुढे वकिलाच्या हातात येतो.

दहा हजारवाल्याला काहीही देऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत विभागाला कळवलं तरच सुटका. तुम्ही अजून दिलेली नाही, म्हणजे तुमची बाजू स्वच्छ आहे. फोन नंबर, वेळ, काय बोलला ते वहीत लिहून ठेवा, जमलं तर पुढचा फोन रेकॉर्ड करा आणि 1064 वर कळवा. हे न्यायालयाच्या अर्जात मात्र घालू नका. तिथे विषय एकच ठेवा.

भेट पुन्हा सुरू होईल तेव्हा काचेपलीकडच्या फोनवर मिनिटं भराभर जातात. रडण्यात ती संपतात, हे दोघांनाही माहीत असतं. म्हणून आजच एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून पर्समध्ये ठेवा: आत कधी टाकलं, बाहेर कधी काढलं, अधीक्षकांसमोर उभं केलं होतं का, कुठल्या कागदावर सही घेतली, डॉक्टर किती वेळा आले, गोळ्या किती दिवस चुकल्या. उत्तरं गेटबाहेर आल्या आल्या, लोकल पकडायच्या आत, उतरवून काढा आणि खाली तारीख घाला.